एमपीएच, एमएस, एमएचए की आणखी काही? पब्लिक हेल्थमधली पदव्युत्तर पदवी निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक आरोग्यात पुढे शिकायचं ठरवलेली बहुतेक मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात: "एमपीएच करायचंय, कुठे करू?" मी उलट विचारतो, "एमपीएचच का?" इथे समोरचा थबकतो. कारण अनेकांच्या मनात सार्वजनिक आरोग्य म्हणजे एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) हे समीकरण पक्कं बसलेलं असतं आणि बाकीच्या पदव्यांची नावं वेबसाइटवर दिसली की डोकं गरगरतं. माझंही एके काळी तसंच झालं होतं. म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटपली आहेत. ज्याचा त्याचा मगदूर.

एकाच विषयात इतक्या वेगवेगळ्या पदव्या का?

कारण भांडण जुनं आहे. १९१५ मध्ये विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोझ या दोघांनी रॉकफेलर प्रतिष्ठानसाठी एक अहवाल तयार केला: अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण कसं असावं? रोझना प्रत्यक्ष कामावर जाणारे, साथ आटोक्यात आणणारे प्रशिक्षित आरोग्य अधिकारी हवे होते. वेल्च यांचा ओढा विज्ञानाकडे, संशोधन संस्थेकडे. अहवालात पारडं वेल्च यांच्या बाजूला झुकलं आणि १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नवी शाळा उभी राहिली. पण रोझ यांचा मुद्दाही मेला नाही. काम करणारी माणसं घडवायची की शोध घेणारी, ही ओढाताण तेव्हापासून चालूच आहे आणि पदव्यांची नावं ही त्या ओढाताणीचीच खूण.

ढोबळ विभागणी अशी. एमपीएच, एमएचए (मास्टर ऑफ हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन), डीआरपीएच (डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ) या व्यावसायिक पदव्या, म्हणजे काम करण्यासाठीच्या. एमएस (मास्टर ऑफ सायन्स, शस्त्रक्रियेची एमएस नव्हे), एमएससी, पीएचडी या शैक्षणिक पदव्या, म्हणजे संशोधनासाठीच्या. एमएसपीएच (मास्टर ऑफ सायन्स इन पब्लिक हेल्थ) आणि एमएचएस (मास्टर ऑफ हेल्थ सायन्स) कुंपणावर बसलेल्या, कधी इकडे तर कधी तिकडे झुकणाऱ्या. एवढं लक्षात ठेवलं तरी माहितीपत्रकातला अर्धा गोंधळ कमी होतो.

एमपीएच आणि एमएस यांत नेमका फरक काय?

एमपीएच रुंद आहे, एमएस खोल आहे. पण असं म्हणून भागत नाही, म्हणून जरा आत शिरू.

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणसंस्थांना मान्यता देणारी परिषद आहे, तिला सगळे 'सेफ' (CEPH) म्हणतात. तिच्या नियमानुसार एमपीएच किमान ४२ सेमिस्टर क्रेडिट्सची असावी लागते. २०१६ च्या निकषांत तिनं प्रत्येक एमपीएच विद्यार्थ्याला यायलाच हवीत अशी २२ मूलभूत कौशल्यं ठरवून दिली. त्यात आकडेवारीचं विश्लेषण आहे, तसंच अंदाजपत्रक समजणं, वाटाघाटी करणं, वेगवेगळ्या श्रोत्यांना एकच गोष्ट वेगवेगळ्या भाषेत सांगणं हेही आहे. शिवाय बाहेरच्या संस्थेत प्रत्यक्ष काम करून निदान दोन गोष्टी तयार करून दाखवाव्या लागतात: अहवाल, प्रश्नावली, प्रशिक्षण पुस्तिका, काहीही. शेवटी सगळं शिक्षण एकत्र आणणारा मोठा लेखी प्रकल्प असतो.

एमएसवाल्याला यातलं बरंचसं करावं लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेत त्याला सार्वजनिक आरोग्याची तोंडओळख व्हावी एवढी अपेक्षा असते. साधारण एका विषयाइतकी, तीन क्रेडिट्सची. उरलेला सगळा वेळ त्याच्या विषयाला: सांख्यिकीचं गणित, अभ्यासाची आखणी, प्रोग्रॅमिंग, आणि बहुतेक ठिकाणी प्रबंध.

आता हेच माणसांच्या रूपात बघा. एकाच संस्थेतल्या एपिडेमिओलॉजी (साथरोगशास्त्र) विभागातले दोन विद्यार्थी. दोघांचेही पहिल्या सत्रातले निम्मे वर्ग एकत्र. दुसऱ्या वर्षी एमपीएचवाली आरोग्य खात्यात बसून लसीकरण का घसरलं याची टिपणं काढतेय, अधिकाऱ्यांना चार पानांत समजावून सांगतेय. एमएसवाला त्याच लसीकरणाच्या आकड्यांत गळालेली माहिती कशी भरून काढायची यावर शंभर पानी प्रबंध लिहितोय. दोघांची नावं उद्या एकाच शोधनिबंधावर येऊ शकतात. पण मंगळवारी दुपारी तीन वाजता दोघं काय करत असतात, ते अगदी वेगळं.

मी हाच प्रश्न विचारतो: मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्हाला काय करत बसायला आवडेल? बैठकीत असणं, की पडद्यावर कोड? उत्तर लगेच येतं आणि बहुतेकदा खरं असतं.

आणि एमएसपीएच?

नावावरून काहीही ठरवू नका. काही विद्यापीठांत ती एमपीएचसारखीच पण प्रबंधासकट असते, काही ठिकाणी ती जवळजवळ एमएस असते. एखाद्या विभागात ती पीएचडीची पायरी म्हणून ठेवलेली असते. विषयांची यादी उघडा, सक्तीचे विषय मोजा, शेवटी काय सादर करायचं ते बघा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. पण इथे दोन्ही घरी जेवून येणारेही पाहिले आहेत.

ब्रिटन-युरोपातल्या एमएससी आणि एमपीएचमध्येही असाच फरक असतो का?

तितका नाही. ब्रिटनमध्ये दोन्ही पदव्या सहसा १८० क्रेडिट्सच्या आणि पूर्ण वेळ केल्या तर एका वर्षाच्या. तिथे एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे वर्गातले, घरचे, प्रबंधाचे सगळे मिळून अठराशे तास. एमएससीचं नाव अनेकदा विषयावरून पडतं (एमएससी एपिडेमिओलॉजी वगैरे) आणि एमपीएच सर्वसाधारण असते, पण अपवाद भरपूर. युरोपात इतरत्र ६० ते १२० ईसीटीएस (युरोपची सामाईक क्रेडिट पद्धत) क्रेडिट्सचे अभ्यासक्रम दिसतात आणि एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तास. अमेरिकेचे ४२, ब्रिटनचे १८० आणि युरोपचे १२० हे आकडे शेजारी शेजारी ठेवून "१८० वाला मोठा" असा निष्कर्ष काढणारे अर्जदार दर वर्षी भेटतात. तासांत रूपांतर करा, मग तुलना करा.

मला कोणती शाखा जमेल हे कसं कळणार?

यासाठी मी एक खेळ खेळतो. एक कोष्टक देतो आणि गप्प बसतो. आकडे माझ्या मनचे आहेत, पण असं कोष्टक साथीच्या तपासात रोज बनतं.

एका समारंभात ७० माणसं जेवली. ४० जणांनी सॅलड खाल्लं, त्यांतले २४ जण आजारी पडले. ३० जणांनी खाल्लं नाही, त्यांतले ३ आजारी पडले. पहिल्या गटात ६० टक्के, दुसऱ्यात १० टक्के. सॅलड खाणाऱ्यांत आजारी पडण्याचं प्रमाण सहापट.

आता तुमच्या मनात पुढचा प्रश्न कोणता आला?

"ज्यांनी सॅलड खाल्लंच नाही ते तिघं कसे आजारी पडले? खाल्लेलं आठवत नसेल, की आजारी माणसाकडून लागण झाली?" असं वाटलं असेल, तर तुमची जागा एपिडेमिओलॉजीत, म्हणजे साथरोगशास्त्रात आहे.

"सहापट म्हणताय, पण एका गटात आजारी माणसं फक्त तीनच. आणखी दोघं आजारी पडले असते तर सहाचे साडेतीन-पावणेचार झाले असते. या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?" असं वाटलं तर बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या आकड्यांची सांख्यिकी.

"सॅलड किती तास बाहेर होतं? खोलीत तापमान किती? भाजी कोणत्या पाण्यानं धुतली?" मग पर्यावरणीय आरोग्य.

"स्वयंपाक्याला आदल्या दिवशी जुलाब होत होते, तरी तो कामावर का आला? रजा घेतली तर पगार कापतात म्हणून?" हा प्रश्न सुचणारा माणूस आरोग्य धोरण आणि व्यवस्थापनाचा.

आणि "हात धुवा अशी पाटी बेसिनच्या वर लावलेली होती, सगळ्यांनी वाचलेली होती, तरी हात का धुतले नाहीत?" असं ज्याला छळतं, त्यानं सामाजिक आणि वर्तनशास्त्राचा विभाग गाठावा.

सार्वजनिक आरोग्याचे पाच पारंपरिक विभाग हेच. आजकाल त्यांना जागतिक आरोग्य, माता-बाल आरोग्य, आरोग्य माहितीशास्त्र अशी अनेक उपनावं जोडलेली दिसतात, पण मुळं या पाचांतच शोधावीत. 'ग्लोबल हेल्थ' हे नाव बघून हुरळून जाणाऱ्यांना तर माझं हमखास सांगणं असतं: हाताशी एक पद्धत असू द्या. गुणात्मक संशोधन, सर्वेक्षण, खर्चाचं विश्लेषण, नकाशे, काहीही चालेल. नुसता भूगोल घेऊन कुणी कामावर ठेवत नाही.

गणिताची भीती वाटते. मग हा विषयच सोडू का?

सोडू नका, पण लपवूही नका. एमपीएचला सांख्यिकीतून सुटका नाही. मात्र ती शिकवताना भर असतो तो आकडा वाचण्यावर. पी-व्हॅल्यू म्हणजे काय, विश्वासार्हता मर्यादा रुंद का आली, गोंधळ घालणारा तिसरा घटक कसा ओळखायचा. बारावीपर्यंतचं गणित आणि चिकाटी पुरते. एपिडेमिओलॉजीच्या एमएसला त्याहून जास्त लागतं. बायोस्टॅटिस्टिक्सच्या एमएसला मात्र कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा आधी झालेले असावे लागतात, आणि तिथे "जमेल हळूहळू" हे धोरण पहिल्या परीक्षेतच कोसळतं.

प्रवेशाआधीच्या सुट्टीत 'आर' हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फुकट आहे. एखादी फाइल उघडून सरासरी काढणं, आलेख काढणं, चुकलेली ओळ शोधणं इतकं आलं तरी पहिलं सत्र सुसह्य होतं. स्टाटा आणि सॅस ही अशीच, पण विकतची सॉफ्टवेअर विद्यापीठात मिळतील.

मी डॉक्टर नाही. चालेल का?

चालेल. वर्गात समाजशास्त्राचे, अभियांत्रिकीचे, वाणिज्याचे, पत्रकारितेचे, नर्सिंगचे विद्यार्थी असतात आणि तेच वर्गाचं बळ असतं. १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावणारा जॉन स्नो डॉक्टर होता हे खरं. पण त्याच काळात इंग्लंडच्या मृत्यूंच्या नोंदी शिस्तीत लावून ठेवणारं सरकारी कार्यालय नसतं, तर स्नोला हिशेब मांडता आला नसता. नोंदी ठेवणारे, नळ बसवणारे, कायदा लिहिणारे आणि लोकांशी बोलणारे अशा सगळ्यांचं हे काम आहे.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट असू द्या. एमपीएच केल्यानं रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. "मागच्या दारानं डॉक्टर" असा हिशेब असेल तर तो चुकीचा आहे.

मी डॉक्टर आहे. मला एमपीएचची गरज आहे का?

कशासाठी हवी यावर आहे. रुग्णालयात राहून स्वतःच्या विभागात संशोधन करायचं असेल, तर क्लिनिकल रिसर्च किंवा एपिडेमिओलॉजीची एमएस/एमएससी अनेकदा जास्त उपयोगी ठरते, कारण तिथे चाचणीची आखणी आणि विश्लेषण खोलवर शिकवतात. रुग्णालय सोडून आरोग्य खात्यात, आंतरराष्ट्रीय संस्थेत किंवा धोरणाच्या कामात जायचं असेल तर एमपीएच. नुसतं नावापुढे अक्षरं वाढवायची असतील, तर ती वर्षं झोपेत घालवली तर प्रकृतीला बरं.

डॉक्टरांना पहिल्या सत्रात एक धक्का बसतो, तोही सांगून ठेवतो. आयुष्यभर समोरच्या एका रुग्णाचा विचार करण्याची सवय असते. इथे अचानक भाजक महत्त्वाचा होतो. "माझ्याकडे या आजाराचे खूप रुग्ण येतात" हे वाक्य वर्गात उच्चारलं की कुणीतरी शांतपणे विचारतं, "कितींपैकी?"

एमएचए की एमपीएच? आणि एमबीएचं काय?

एमएचए रुग्णालय चालवण्यासाठी: खाटा, मनुष्यबळ, बिलं, गुणवत्ता, विमा कंपन्यांशी व्यवहार. अमेरिकेत तिची मान्यता 'सेफ'कडून नाही, तर आरोग्य व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी असलेल्या 'केमी' (CAHME) या वेगळ्या आयोगाकडून तपासतात. एमपीएचमधली व्यवस्थापनाची शाखा लोकसंख्येकडे बघते: कुणापर्यंत सेवा पोहोचत नाही, पैसा कुठे लावला तर जास्त जीव वाचतील. एमएचएवाला दवाखान्याच्या दाराच्या आत उभा असतो आणि एमपीएचवाला दारापर्यंत न पोहोचलेल्यांची यादी करत असतो. औषध किंवा उपकरण कंपनीत, सल्लागार संस्थेत जायचं असेल तर एमबीए बघा.

मान्यता खरंच इतकी महत्त्वाची आहे?

होय, आणि हे उत्तर लांबवायची गरज नाही. तुम्हाला जिथे नोकरी करायची आहे तिथलं सरकार, तिथले मालक आणि तिथली पुढची विद्यापीठं कोणती मान्यता धरतात ते आधी बघा. अमेरिकेत 'सेफ', युरोपात 'एपीएचईए' (APHEA), शिवाय त्या त्या देशाची उच्च शिक्षणाची नियामक संस्था. मान्यता कधी संपूर्ण शाळेला असते, कधी एखाद्याच अभ्यासक्रमाला. "आमची संस्था मान्यताप्राप्त आहे" या वाक्यात ही मेख दडलेली असते. तुमच्या पदवीचं नाव मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः शोधा. 'अर्ज प्रलंबित' म्हणजे मान्यता नव्हे.

अमेरिकेत सीपीएच (सर्टिफाइड इन पब्लिक हेल्थ) नावाची एक प्रमाणपत्र परीक्षाही आहे, २००८ पासून सुरू झालेली. ती असली तर वाईट नाही, पण तिच्यासाठी पदवी निवडू नये.

ऑनलाइन पदवी घेतली तर कमी लेखतात का?

त्याच विद्यापीठाची, त्याच मान्यतेची असेल तर सहसा पदवीपत्रावर 'ऑनलाइन' असं लिहिलेलंही नसतं. नोकरीत असलेल्या माणसाला ऑनलाइन पदवी उत्तम. रोज ज्या कार्यालयात बसता तिथलाच प्रश्न गृहपाठात घेता येतो, ही सोय वर्गात बसणाऱ्याला नसते.

नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं. चहाच्या वेळी प्राध्यापक सहज म्हणतात, "एका प्रकल्पाला हात हवाय, येतोस?" ती संधी झूमवर येत नाही. त्यामुळे अनुभव नसलेल्या, नुकत्याच पदवीधर झालेल्या माणसानं जमल्यास वर्गात जावं असं माझं मत. संशोधनाची एमएस ऑनलाइन करण्याबद्दल तर मी आणखी साशंक आहे.

प्रत्यक्ष कामाच्या कालावधीबद्दल काय विचारावं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून मीच घुसडला आहे. आणि यात माझा हात पोळलेला आहे.

माझ्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात "नामवंत संस्थांबरोबर क्षेत्रीय काम" असं ठळक अक्षरांत होतं. मला मिळालेल्या संस्थेत पहिल्या दिवशी कळलं की माझ्यासाठी काही काम ठरवलेलंच नाही. मार्गदर्शक दौऱ्यावर. कुणीतरी कागदी फॉर्मचे चार गठ्ठे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणालं, "हे एक्सेलमध्ये भरून टाका." पाच आठवडे मी तेच केलं. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की वयाच्या रकान्यात २५, ३०, ३५, ४० यांचीच गर्दी आहे. २७ किंवा ३३ वर्षांचं जवळजवळ कुणी नाहीच. वय नक्की माहीत नसलं की माणसं पाच-दहाच्या पटीत सांगतात, आणि लिहिणारा तसंच लिहितो. लोकसंख्याशास्त्रात याला जुनं नाव आहे, त्याची मोजमापंही आहेत. पण ते मला तिथे कुणी शिकवलं नाही, कंटाळ्यानं शिकवलं. शेवटी त्यावरच मी अहवाल लिहिला आणि वेळ मारून नेली.

तेव्हा विचारा: जागा शोधून देता की मीच शोधायची? कामाचं स्वरूप आधी लेखी ठरतं का? तिथे माझा मार्गदर्शक कोण आणि तो आठवड्यातून किती वेळ भेटेल? मानधन मिळतं का? गेल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांनी काय तयार केलं ते बघायला मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर सावध व्हा.

आधी नोकरी करावी की थेट प्रवेश घ्यावा?

एमएसला थेट गेलात तरी फारसं बिघडत नाही. ते शिक्षण तंत्राचं आहे. एमपीएचला दोन-एक वर्षांच्या कामानंतर गेलं तर त्याच तासांतून दुप्पट हाती लागतं, कारण मग धोरणाच्या वर्गात प्राध्यापक "अंमलबजावणीतला अडथळा" म्हणतात तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक टेबल आणि त्यामागचा ठरावीक माणूस उभा राहतो. काही एक वर्षाच्या एमपीएच तर अनुभवी लोकांसाठीच असतात. घरची परिस्थिती थांबू देत नसेल तर मात्र हा सल्ला बाजूला ठेवा आणि जा.

डीआरपीएच आणि पीएचडी यांत काय निवडावं?

पीएचडी नवं ज्ञान तयार करण्यासाठी, डीआरपीएच असलेलं ज्ञान वापरून संस्था हलवण्यासाठी. पीएचडीचा विद्यार्थी विचारतो, "हे खरं आहे का?" डीआरपीएचचा विचारतो, "हे खरं आहे हे वीस वर्षं माहीत आहे, मग होत का नाही?" डीआरपीएचला साधारणपणे एमपीएच आणि काही वर्षांचा अनुभव मागतात, विद्यार्थी बहुधा नोकरीत असतात आणि शुल्क स्वतःच भरतात. पीएचडीला पूर्ण वेळ द्यावा लागतो, पण अनेक विद्यापीठांत शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं.

प्राध्यापक व्हायचं असेल तर पीएचडी सरळ रस्ता. डीआरपीएच घेऊनही प्राध्यापक झालेले आहेत, पण त्यांना मुलाखतीत आपल्या पदवीचा अर्थ समजावून सांगावा लागतो.

पीएचडीच करायची आहे, तर मधे पदव्युत्तर पदवी हवीच का?

काही विभाग पदवीनंतर थेट घेतात, विशेषतः बायोस्टॅटिस्टिक्समध्ये. बाकी बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स बघतात. त्यासाठी प्रबंध असलेली एमएस किंवा एमएसपीएच बरी; एमपीएच केलीत तर निवडीच्या विषयांत सांख्यिकी भरून घ्या आणि एखाद्या प्राध्यापकाच्या शोधनिबंधात हात घाला.

दुहेरी पदवी घ्यावी का?

एमपीएचबरोबर वैद्यकीय, कायदा, समाजकार्य, व्यवस्थापन, नगररचना अशा जोड्या मिळतात. काही क्रेडिट्स दोन्हीकडे धरली जातात म्हणून वेळ वाचतो. दोन्ही पदव्या वापरणारी एक तरी नोकरी तुम्हाला नावानिशी सांगता येत असेल तर घ्या. अन्न सुरक्षेच्या कायद्यावर काम करणाऱ्याला कायदा आणि एमपीएच ही जोडी शोभते. "दोन्ही आवडतं" हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

पदवी न घेता या क्षेत्रात शिरता येतं का?

येतं. क्षेत्रीय एपिडेमिओलॉजीचं प्रशिक्षण हा एक भक्कम मार्ग. अमेरिकेत अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९५१ मध्ये 'एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस' सुरू केली. दोन वर्षं काम करता करता शिकायचं, साथ आली की बॅग उचलून निघायचं. त्या पथकाचं बोधचिन्हच भोक पडलेला बुटाचा तळवा आहे. त्याच धर्तीवर १९८० मध्ये थायलंडमध्ये कार्यक्रम उभा राहिला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला. मात्र यात प्रवेश सहसा आधीच आरोग्यसेवेत असलेल्यांना आणि सरकारमार्फत मिळतो. अमेरिकेच्या पथकाला तर बहुतांशी डॉक्टरेट दर्जाची माणसं लागतात. फक्त विषय आजमावायचा असेल तर विद्यापीठांची प्रमाणपत्रं असतात, आणि काही ठिकाणी ती क्रेडिट्स पुढे पदवीत धरतात. धरतात का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

रँकिंग किती बघावं?

पहिल्या गाळणीपुरतं. विद्यापीठाचं रँकिंग आणि तुमच्या विभागाचं बळ यांचा फारसा संबंध नसतो. नाव मोठं, पण तुमच्या विषयाचे दोनच प्राध्यापक आणि त्यांतले एक रजेवर, असंही असतं.

जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते का?

बऱ्याच एमपीएच अभ्यासक्रमांनी सक्ती काढली आहे. संख्यात्मक एमएस आणि पीएचडीसाठी विभागाचं पान तपासा. पदवीला गणितात गुण कमी असतील तर ऐच्छिक असूनही चांगला स्कोअर पाठवलेला बरा.

उद्देशपत्रात काय लिहू?

"लहानपणापासून मला लोकांची सेवा करण्याची आवड आहे" हे सोडून काहीही. एक प्रसंग घ्या, त्यात तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न घ्या, आणि तो सोडवायला या अभ्यासक्रमातलं नेमकं काय लागेल ते लिहा. मी वाचलेल्या पत्रांत लक्षात राहिलेलं एक: एका मुलीनं पहिल्याच परिच्छेदात एवढंच लिहिलं होतं की तिच्या सर्वेक्षणात शौचालय आहे असं सांगणाऱ्या घरांत तिनं दार उघडून पाहिलं, तर कित्येक ठिकाणी आत सरपण रचलेलं होतं, तेव्हा प्रश्न कसा विचारला असता तर खरं उत्तर मिळालं असतं, हे तिला शिकायचं होतं. तिनं एमपीएचसाठी अर्ज केला होता. पत्र वाचून समितीतल्या एकीनं तिला फोन केला आणि सुचवलं, तुझा प्रश्न सर्वेक्षण पद्धतीचा आहे, आमच्या एमएसचाही विचार कर.

प्रवेश घेतल्यावर एमपीएचमधून एमएसमध्ये किंवा शाखेतून शाखेत बदल करता येतो का?

शाखा बदलणं बहुधा पहिल्या सत्राअखेरपर्यंत सोपं असतं, कारण सुरुवातीचे विषय सामाईक असतात. पदवी बदलणं अवघड: नवा विभाग अर्ज पुन्हा मागू शकतो, विद्यावेतनाचं गणित बदलतं, आणि परदेशात असाल तर व्हिसाच्या कागदांवर पदवीचं नाव असल्यामुळे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारावं लागतं. त्या मुलीनं बदल प्रवेशाआधीच केला, म्हणून तिचं एका ईमेलवर भागलं.